सवतीची थकबाकी

भर दुपारी बाराच्या ठोक्याला बनुबाईंचा फोन वाजला आणि एक बाई गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार. आपली थकबाकी भरायची राहिली आहे. ती आजच भरा, अन्यथा पुढील कारवाई होईल."

"कोण गं बया तू?"

"आज भरणार असाल, तर एक दाबा," बाई तेवढ्याच गोडीनं म्हणाली. पलीकडं श्वासही ऐकू येईना.

दुपारी बाराची वेळ वाईट, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यात बनुबाई फलटणजवळच्या घरात एकट्या. नातू शिवतेज साताऱ्याला नोकरीला. बाई फोनवर रोज बाराला यायला लागली, तसा बनुबाईंचा हात गळ्याकडं गेला. त्या दुसरेपणाच्या. पहिली बायको रंगुबाई तापानं गेली, तिचा कोप नको म्हणून तिच्या नावाचा चांदीचा टाक लग्नापासून यांच्या गळ्यात. तिचा नवरा घेतला, घर घेतलं, चूल घेतली. मग थकबाकी नाही तर काय!

शेजारची राहीबाई म्हणाली, "आवं आक्का, रंगुबाई सवाष्ण गेली. सवाष्ण जेवू घाला, हिरवं लुगडं नेसवा." आता गल्लीत रिकामी सवाष्ण कोण, तर राहीबाईच. पुरणपोळ्या हाणून, लुगडं नेसून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी फोनवरच्या बाईनं थकबाकीचा आकडा सांगितला. पुढं तो वाढायलाच लागला.

"लुगडं पसंत पडलं न्हाई वाटतं," राहीबाई म्हणाली. "परत येऊ का जेवाय?"

"नगं. घरच तिचं हाय गं. तिला घर पायजे."

बनुबाईंनी बोचकं बांधलं. दहिवडीला भावाकडं जायचं, मरेस्तोवर तिथंच राहायचं. मग मात्र राहीबाई घाबरली आणि तिनं शिवतेजला बोलावून घेतलं.

हे महाशय इंजिनिअर झाले ते शिक्षणाच्या कर्जावर. नोकरी लागल्यावर सुरू व्हायचा हप्ता, तर सुरू झाली नवी मोटारसायकल! बँकेचे फोन नकोत म्हणून गड्यानं बँकेत आजीचाच नंबर देऊन टाकला होता. म्हातारीला काय कळतंय, म्हणे.

बारा वाजले. आज्जीनं फोन त्याच्या कानाला लावला. गोड आवाज ऐकून शिवतेजच्या तोंडचं पाणी पळालं.

"आज्जे, ही रंगुबाई न्हाई. बँक हाय. कर्ज माझं हाय."

"श्वास न घेता बोलती, ती बँक?" आज्जीनं डोळ्याला पदर लावला. "कोण का आसंना, तुझं थकलंय ह्ये तिला ठावं हाय न्हवं? मग भर की मुडद्या! तुझ्यापायी मी घर सोडाय निघाली हुती."

शिवतेजला स्वतःची लाज वाटली. त्यानं मोटारसायकल विकली. बँकेत साहेबांसमोर बसून सगळं खरं सांगितलं, थकलेलं भरलं, झेपेल असा हप्ता बांधून घेतला आणि तो पगाराच्या दिवशी आपोआप कापायची सोय केली. नंबरही स्वतःचा दिला. फोन थांबले, बोचकं सुटलं.

पुढच्या महिन्यात घरी आला, तर म्हातारी उदास.

"काय झालं आज्जे?"

"बोलत न्हाई रं ती आता. लय गोड बोलायची, एकटीला बरं वाटायचं." बनुबाई जरा घुटमळल्या. "एखादा हप्ता चुकीव की."

शिवतेज हसतच होता, तेवढ्यात आज्जीचा फोन वाजला. बाराच वाजले होते. त्यानं घाईघाईनं आपला मोबाइल पाहिला. हप्ता सकाळीच कापून गेला होता.

"व्हय गं... व्हय... आजच आलाय," बनुबाई फोनात खुशीत बोलत होत्या. पलीकडं कुणीतरी हसल्यासारखं झालं. मग त्यांनी फोन पुढं केला.

"घे. तुझ्याशी बोलायचंय म्हणती."

शिवतेजनं फोन घेतला नाही. तो तसाच अनवाणी फलटणच्या शाखेकडं पळत सुटला, पुढचे सगळे हप्ते आगाऊ भरता येतात का विचारायला.