सगळ्यात जड पॉवर सप्लाय

लेबलावरच्या वॅटवर विश्वास ठेवणारी माणसं मला नेहमीच भाबडी वाटत आली. मी फिजिक्सची पदवीधर. कॉम्प्युटरसाठी स्वस्तातला पॉवर सप्लाय निवडायची माझी पद्धत साधी होती: वजन करायचं. आत तांब्याची वेटोळी, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, जाड तारा असतील तर डबा जड लागणारच. लेबल खोटं बोलेल, गुरुत्वाकर्षण कशाला बोलेल?

म्हणून बगदादच्या कॉम्प्युटर बाजारात मी आईचा स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन गेले.

"ताई, खजूर पलीकडच्या गल्लीत मिळतात," दुकानदार गझवान म्हणाला.

"स्वस्तातले सगळे सप्लाय काढा."

एकेक डबा तोलला. सगळ्यात जड निघाला तो नावही न ऐकलेल्या कंपनीचा, साडेसातशे वॅटचा. किंमत मात्र सगळ्यात कमी! आनंदाच्या भरात डबा उचलून मी थेट घर गाठलं.

धाकटी बहीण हदील दारातच उभी होती. तिचे आर्किटेक्चरच्या शेवटच्या परीक्षेचे नकाशे घरच्या कॉम्प्युटरमध्ये अडकले होते. जुना सप्लाय सकाळीच मेला होता, आणि पाचच्या आत नकाशे कॉलेजला पोचले नाहीत तर तिचं वर्ष गेलं.

"चालेल ना नक्की?"

"तोलून आणलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे निश्चिंत राहा."

सप्लाय बसवून मी बटण दाबलं. फट्! पंखा, फ्रिज, बाबांच्या बातम्या, सगळं गप्प. वीज गेली की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. बाबांनी तो खिडकीतून ओरडून विचारला, "तुमच्याकडे आहे का?"

शेजारी होती. म्हणजे फक्त आमचाच ब्रेकर पडला होता. तो असतो गल्लीच्या जनरेटरपाशी, घराघराला अँपिअर मोजून वीज विकणाऱ्या अबू सज्जादच्या ताब्यात. बाबांनी फोन केला, त्याने ब्रेकर उचलला. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये, म्हणून मी पुन्हा बटण दाबलं. मग आणखी एकदा. तेव्हा मात्र अबू सज्जाद स्वतःच आला, डिझेलच्या वासासकट.

"अबू रफल, पाच अँपिअरच्या जोडणीवर एसी चालवता?" त्याने बाबांना विचारलं. अबू रफल म्हणजे रफलचे बाबा; रफल मी.

"आमच्याकडे एसीच नाही. तो कूलर बघा," बाबा म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात."

त्याने पडद्यामागे पाहिलं, पलंगाखाली पाहिलं.

"कपाटात गोधड्यांच्या मागे लपवलाय," आई म्हणाली.

त्याने तिथेही पाहिलं.

"एसी सापडत नाही तोवर तुमची लाइन बंद."

चार वाजून गेले होते. मी मुकाट्याने सप्लाय त्याच्यापुढे ठेवला. "हा पाडतो ब्रेकर."

"एवढासा डबा?"

मी स्क्रू काढले, झाकण उचललं. आत बिस्किटाएवढी एक करपलेली पट्टी होती. आणि तिच्या शेजारी, डिंकाने नीट चिकटवलेला, सिमेंटचा ठोकळा.

अबू सज्जादने ठोकळ्यावर बोटाने टकटक केलं.

"हा किती वॅटचा?"

"रफल," बाबा हळूच म्हणाले, "हे तू पारखून आणलंस?"

अबू सज्जादने जाऊन आमचा ब्रेकर उचलला आणि जनरेटरवर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांच्या कॉम्प्युटरमधला सप्लाय काढून आणून दिला. पाच वाजायला थोडाच वेळ असताना हदीलचे नकाशे गेले. तिने आभार मानले. त्याचे.

दुसऱ्या दिवशी ठोकळा पिशवीत घालून, तावातावाने मी गझवानच्या दुकानात शिरले. काउंटरवर आईचा काटा होता. मी तो तिथेच विसरले होते. दोन गिऱ्हाइकं त्यावर डबे तोलत होती.

"या, या ताई!" गझवानने हसतमुखाने मला खुर्ची दिली. "कालपासून सगळे वजनच विचारतायत. तुमच्यासाठी एक बाजूला काढून ठेवलाय. कालच्यापेक्षाही जड आहे."