आईचा स्टॉल आणि अभयचा माऊस

अभयच्या हडपसरच्या सोसायटीत कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स वापरणारा तो एकटाच होता, आणि ही बातमी दूधवाल्यापर्यंत पोचवण्याची जबाबदारीही त्याने स्वतःच पार पाडली होती. त्यामुळे आई सुंदराबाईंनी मसाल्याच्या स्टॉलचा अर्ज भरायला सांगितला तेव्हा तो म्हणाला, "दोन मिनिटांचं काम आहे."

काम दिवाळी प्रदर्शनाचं होतं. लोणी काळभोरहून लग्न होऊन आलेल्या सुंदराबाईंचा काळा मसाला शेजारणींनी तीस वर्षं फुकट नावाजला होता. आता तो एकदा विकून दाखवायचा, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. नोंदणी दसऱ्याला दुपारी बाराला बंद होणार होती. स्टॉल नकाशावर क्लिक करूनच निवडायचा होता, आणि दारालगतचा एकच उरला होता.

दसऱ्याला सकाळी अकरा वाजता अभयने माऊस हलवला. बाण ढिम्म.

खालून लाल उजेड येत होता, म्हणजे माऊस शाबूत, असा निदानाचा पहिला टप्पा त्याने झटक्यात उरकला. मग येरवड्याच्या श्यामला फोन लावला. श्यामही लिनक्सवाला, म्हणजे मदतीला सदैव तयार आणि त्यामुळे धोकादायक. त्याने एक फाईल बदलायला लावली. स्क्रीन काळा पडला. मग तीच फाईल पूर्ववत करायला लावली. स्क्रीन परत आला, पण बाण जागचा हलेना. तिसऱ्या उपायाने डावं बटण उजवं आणि उजवं डावं झालं. हे मात्र अगदी बिनचूक झालं.

"उलटा करून बघ की त्याला," सुंदराबाई म्हणाल्या.

हिंजवडीच्या आयटी कंपनीत सात वर्षं काढलेल्या माणसाला आईची जितकी कीव येऊ शकते तितकी अभयला आली. त्याने समजावून सांगितलं की प्रश्न माऊस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, म्हणजे ड्रायव्हरचा आहे.

"मग येत न्हाई तो आता. सण हाय आज."

बाराला दहा कमी असताना सुंदराबाईंचा धीर सुटला. डोळे भरून आले होते. त्यांनी लेकाच्या हातातून माऊस काढून घेतला, उलटा केला आणि पदराने खसखसून पुसला. पदर लाल झाला. एक अक्षतही खाली पडली.

"हे काय आहे, आई?"

"काल खंडेनवमी न्हवती का? विळी पुजली, पाटा पुजला, हेबी पुजलं. तोंड कुठं ते कळंना, मग उजेड दिसला तिथं कुंकू लावलं." त्या जरा ओशाळल्या. "डोळ्यात कुंकू गेल्यावर कुणाला दिसंल रे?"

बाण सुरसुर पळाला. उलटसुलट बटणांशी झटापट करत अभयने बाराला तीन मिनिटं कमी असताना दारालगतचा स्टॉल पटकावला. सुंदराबाईंनी आनंदाने त्याच्यावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली, आणि तोही लहान पोरासारखा हसत सुटला.

शेवटचा रकाना होता मदतनिसाचं नाव आणि काम. अभयने स्वतःचं नाव घातलं आणि पुढे ऐटीत टाइप केलं: तांत्रिक सल्लागार.

"काय लिवलंस?" सुंदराबाईंनी विचारलं. त्याने वाचून दाखवलं.

"खोड ते," त्या म्हणाल्या. "पोती उचलायला, असं लिव्ह."