रिकामा डबा आणि बेटाचं टोक

"पाच दिवस. पायी. समुद्राच्या कडेकडेनं. आणि या वेळी काहीही झालं तरी जाणार म्हणजे जाणार," श्यामलाबाईंनी सोसायटीच्या जिन्यात उभं राहून जाहीर केलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या ललिताबाई दुधाची पिशवी घेऊन वर चढत होत्या. त्या दम खायला थांबल्या. "गुडघ्यांना विचारलंत का?"

"त्यांना काय विचारायचं? सत्तर वर्षं मी त्यांचं ऐकलं नाही, आता कुठे ऐकू?"

बेट पार तिकडे, इंग्लंडच्याही वरच्या अंगाला होतं. त्याचं नाव जिन्यात कुणालाच उच्चारता येईना, त्यामुळे दोन दिवसांत ते "श्यामलाताईंचं बेट" झालं. खरं म्हणजे ते हिराचं बेट होतं, पण हे जिन्यात सांगायचं राहून गेलं.

हिरा आणि श्यामला कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली दर रविवारी स्वारगेटवरून पहिली एसटी पकडून सिंहगड चढायच्या. दोघींत मिळून एक वॉटरबॅग आणि पायात साध्या चपला. एका दुपारी कॉलेजच्या वाचनालयात एका जुन्या इंग्रजी मासिकात हिराला एक फोटो सापडला. काळेकुट्ट कडे, खाली उसळणारं पाणी आणि बेटाच्या अगदी टोकाला एकटं दीपगृह. हिरानं त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथे जायचं. आपण दोघींनी." श्यामला म्हणाली, "नक्की."

मग एकोणऐंशी साली दोघींनी निदान कोकणचा किनारा चालायचं ठरवलं, तर श्यामलाच्या सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. अठ्ठ्याऐंशीत श्यामलाच्या मुलाची, केदारची, स्कॉलरशिपची परीक्षा. दोन हजार चारात अंदमानची तिकिटं हातात असताना नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. प्रत्येक वेळी कारण खरं होतं, पंचाईत तिथेच होती. हिरा खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी विभागात होती. ती दर वेळी रजेचा अर्ज मुकाट्यानं मागे घ्यायची. एकटी मात्र कधी गेली नाही.

आता हिराचे यजमान तात्याराव जाऊन तीन वर्षं झाली होती. श्यामलाची सून वल्लरी एक दिवस म्हणाली, "आई, तुम्ही दोघी जा ना आता. सामान गाडीनं पुढे जातं, तुम्ही फक्त चालायचं." तिनंच सगळं ठरवून दिलं. रोज एका गावातून निघायचं आणि संध्याकाळी पुढच्या गावात कुणाच्या तरी घरी उतरायचं. सकाळी घरमालकीण दुपारच्या जेवणाचा डबा देणार. संध्याकाळी व्हॅनवाला परत जाताना रिकामा डबा घेऊन जाणार. पाचव्या दिवशी सकाळी टोकावरचं दीपगृह बघायचं आणि दुपारी चारच्या बोटीनं परत.

"सोपं आहे," श्यामलाबाई म्हणाल्या आणि दोन किलो शेंगदाण्याचे लाडू वळायला बसल्या.

"तिकडे शेंगदाणे मिळत असतील," गोपाळराव पेपराआडून म्हणाले.

"अहो, लाडू मिळत नसतील."

पहिला दिवस स्वप्नासारखा गेला. वारा असा, की बोललेलं वाक्य शेजारणीला ऐकू येण्याआधी समुद्रात पडत होतं. दोघी मेंढ्यांच्या वाटेनं चालल्या, दोनदा चुकल्या, लहान मुलींसारख्या हसल्या. संध्याकाळी मुक्कामावर पोचल्या, तर व्हॅनवाला दारातच उभा. हिरानं डबा धुऊन, पुसून त्याच्यापुढे धरला.

"थांब," श्यामलाबाई म्हणाल्या. "रिकामा डबा द्यायचा?"

"रिकामाच मागितलाय, श्यामल. पत्रकात लिहिलंय तसं."

"पत्रकात लिहिलं म्हणून काय झालं? शेजारचा डबा मी जन्मात कधी रिकामा परत केला नाही. काय म्हणेल ती बाई?"

"ती काही म्हणणार नाही. ती डबा घासून फडताळात ठेवेल."

पण श्यामलाबाईंनी बॅग उघडून डब्यात सहा लाडू रचलेसुद्धा. व्हॅनवाल्यानं डबा हलवून पाहिला, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण श्यामलाबाईंनी इतक्या मायेनं मान डोलावली, की तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या घरमालकिणीनं एक नाही, दोन डबे दिले. वर श्यामलाबाईंचा हात हातात घेऊन दोनदा थोपटला.

"बघ," श्यामलाबाई वाटेत म्हणाल्या. "लाडू आवडले. कालच्या बाईनं हिला फोन करून सांगितलं असणार."

"पाव, चीज, उकडलेली अंडी, केक. इतकं कोण खाणार?"

"आपण. अन्न टाकायचं नाही."

दोघी एका खडकावर बसून दीड तास जेवल्या. उठताना हिराला कड्याचा आधार घ्यावा लागला. संध्याकाळी दोन डबे रिकामे, म्हणजे बारा लाडू.

तिसऱ्या दिवशी तीन डबे आणि थर्मासभर सूप; संध्याकाळी परत जाताना डब्यांत लाडूंबरोबर चिवडाही. चौथ्या दिवशी चार डबे. त्यांतल्या एका डब्यात अख्खा इंग्रजी 'पाय' होता, म्हणजे मांस भरलेली भाकरीसारखी जाड पोळी. तो हिरानं एकटीनं संपवला, कारण श्यामलाबाई शाकाहारी. वजनानं पाठ मोडायला आली. चालण्यापेक्षा बसून खाणंच जास्त होऊ लागलं. नकाशात चार तासांची वाट होती, दोघींना सात लागले. सील बघायची जागा जेवताना राहिली. गुहेची वाट पोट जड म्हणून सोडली.

"आपण सहलीला आलोय की श्राद्धाला?" हिरानं विचारलं.

"प्रेमानं देतायत गं."

"आपण इथे कशाला आलोय, आठवतंय ना तुला?"

"आठवतंय. उद्याच तर आहे."

हिरानं खिशातून भरती-ओहोटीचं कोष्टक काढलं. दीपगृहाचा खडक बेटाला वाळूच्या एका अरुंद पट्टीनं जोडलेला होता. ओहोटी असली तरच ती पट्टी उघडी पडायची. "अकराच्या आत पलीकडे जाऊन परत यायचं. त्यानंतर पाणी चढतं. इथून तिथे दीड तास. म्हणजे साडेआठला निघायचं. ऐकतेस ना?"

"साडेआठ," श्यामलाबाई म्हणाल्या. त्या बॅगेत हात घालून चाचपत होत्या. लाडू संपले होते. चिवडाही संपला होता. समोर चार रिकामे डबे होते आणि व्हॅनवाला म्हणाला होता, की आज घाई आहे, हे उद्या सकाळी नेतो.

सकाळी सात वाजता श्यामलाबाई घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. बॅगेच्या तळाशी भाजणीची एक पुडी निघाली होती. "फक्त आठ थालिपीठं," त्या हिराला म्हणाल्या. "प्रत्येक डब्यात दोन. अर्ध्या तासाचं काम."

"श्यामल, राहू दे."

"कालच्याच बाईचे डबे रिकामे पाठवायचे? आधीच्या तिघींना दिलं आणि तिला नाही?"

तवा तिकडचा, शेगडी तिकडची, आणि तेल भलतंच. तिसऱ्या थालिपिठाला छताला लावलेलं एक पांढरं यंत्र किंचाळायला लागलं. वरच्या मजल्यावरून एक म्हातारं जोडपं नाइटगाऊनमध्ये खाली धावत आलं. घरमालकिणीनं सगळ्यांना बाहेर हिरवळीवर उभं केलं आणि डोकी मोजली. नियमच तसा होता. दहा मिनिटांत बेटाचा एकुलता एक आगीचा बंब आला. त्यावर हेल्मेट घातलेले चौघं जण होते. एक पोस्टातली बाई, एक मेंढपाळ, गावातला पाववाला आणि चौथा आपला व्हॅनवाला. त्यांनी शिडी लावली, घरभर फिरून पाहिलं आणि तवा एका लांब चिमट्यानं बाहेर आणून गवतावर ठेवला. तव्यावर काळंठिक्कर थालिपीठ. सगळे त्याच्याभोवती गोल करून उभे राहिले.

मग एकेकाची साक्ष घेत मोठ्या वहीत नोंद सुरू झाली; ती पुरी होईपर्यंत कुणी हलायचं नाही, हाही नियमच. जळालेल्या वस्तूचं नाव काय, असं पोस्टातल्या बाईनं विचारलं. श्यामलाबाईंनी सांगितलं. तिनं तीनदा खोडलं. शेवटी हिरानं तिच्या हातातलं पेन घेतलं, इंग्रजीत "नाश्ता" असं लिहिलं आणि पेन परत दिलं. तेव्हा सव्वाअकरा वाजले होते.

तरी दोघी निघाल्या. श्यामलाबाई सत्तर वर्षांत चालल्या नव्हत्या इतक्या वेगानं चालल्या. पाऊण वाजता शेवटची चढण संपली आणि समोर ते आलं. काळेकुट्ट कडे, त्यांच्यापुढे खडक आणि त्यावर दीपगृह. फोटोत होतं अगदी तसंच. मधे दोनशे पावलांची वाळूची पट्टी असायला हवी होती. तिथे हिरवं पाणी संथपणे हेलकावत होतं.

हिरा काठापर्यंत गेली. तिनं बूट काढले, मोजे नीट घडी करून बुटात ठेवले आणि घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली. बराच वेळ.

"हिरा," श्यामलाबाई मागून म्हणाल्या. "पुढची ओहोटी कधी?"

"रात्री. बोट चारला आहे."

"मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे."

हिरा वळली. रागावलेली दिसली असती तर बरं झालं असतं. ती फक्त थकलेली दिसली. "तुझं नेहमी अर्ध्या तासाचंच काम असतं गं," ती म्हणाली. "चल, बस. दमलीस."

बोटीच्या धक्क्यावर व्हॅनवाल्यानं त्यांच्या बॅगा उतरवल्या आणि वर एक कापडी पिशवी श्यामलाबाईंच्या हातात दिली. आत कागदात गुंडाळलेल्या पुड्या होत्या. प्रत्येक पुडीवर एकेका घरमालकिणीचं नाव. सगळे लाडू. सगळा चिवडा. एकही लाडू फुटलेला नव्हता.

"तुमचं खाणं रोज डब्यातच विसरून राहत होतं," तो मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हणाला. "सगळ्यांना फार काळजी वाटली. म्हाताऱ्या माणसांचं असं होतं, माझ्या आईचंही व्हायचं. तुम्ही उपाशी राहू नये म्हणून सगळ्या जणी एकमेकींना फोन करून जास्त जास्त देत होत्या."

हिरा हसायला लागली. इतकी हसली, की तिला धक्क्यावरच्या लोखंडी खुंटावर बसावं लागलं. श्यामलाबाईही हसल्या, पण त्यांचं हसू लवकर संपलं. हिराचं नंतर बराच वेळ चालू होतं, आणि मग ते हसू आहे की दुसरं काही, हे श्यामलाबाईंना कळेना.

पुण्यात आल्यावर श्यामलाबाईंनी जिन्यात फोटो दाखवले. "टोकाला गेलात का?" ललिताबाईंनी विचारलं. "लांबून फार सुंदर दिसतं," श्यामलाबाई म्हणाल्या आणि पुढच्या फोटोवर गेल्या.

जानेवारीत हिरा घरी आली. चहा झाला. गोपाळराव औषधं आणायला खाली गेले तशी ती म्हणाली, "मेमध्ये परत जातेय. त्याच बेटावर. आमच्या आम्रपालीनं रजा काढलीय, मायलेकी जाणार."

श्यामलाबाईंनी कप खाली ठेवला. चेहऱ्यावर खरीखुरी हळहळ आणत त्या म्हणाल्या, "अगं, मेमध्ये मला नाही जमायचं. केदारच्या सासरी मुंज आहे, मग पाहुणे, मग..."

"तुला विचारलं नाही, श्यामल," हिरा मऊपणे म्हणाली. "सांगितलं."

ती गेल्यावर श्यामलाबाई भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेल्या आणि मे महिना उघडून उभ्या राहिल्या. मुंज कुणाचीच नव्हती. पाहुणेही नव्हते. अख्खा महिना कोरा होता.