दिगांबररावांचं वजन

दिगांबररावांचा विषय निघाला की मी अर्धीच गोष्ट सांगत आलो. लोक हसतात, तिथे मी थांबतो. पुढचं इतकी वर्षं टाळलं. आता त्यांच्या पत्नी सुभद्रावहिनीही गेल्या, म्हणून लिहून टाकतो.

भैंसा गावच्या एका जिनिंगात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, मी वजनकाट्यावर मुनीम होतो आणि दिगांबरराव कापसाची पारख करत. दर गुरुवारी कापसाची शेवटची बैलबंडी रिकामी झाली की ते चपला, चष्मा आणि सुपारीची डबी काढून ठेवत आणि स्वतः काट्यावर चढत. डबी कशाला काढायची, असं मी एकदा विचारलं. "डबी म्हंजे मी नाई, मुनीमजी." एके दिवशी जेवणाआधी चढले आणि जेवण करून पुन्हा चढले. "सव्वा किलो! सुभद्रानं आज हात आखडला नाई." मुलीला पाहायला आलेल्या नवरदेवालाही त्यांनी जिनिंग दाखवायच्या निमित्ताने काट्यावर उभं केलं. "पोरगं छप्पन किलोचं, बाप साठ सांगते. काऊन खोटं बोलून राह्यला?" लग्न मात्र त्याच पोराशी झालं. कोणी नुसतं 'बरं आहे' म्हटलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "अंदाज नको, आकडा सांगा."

नव्वद साल उलटल्यावर त्यांच्या यकृतात गाठ निघाली. कॅन्सरची. हैदराबादच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांनंतरची ऑपरेशनची तारीख दिली. सोबत मीच होतो, म्हणून मलाच बजावलं, "तोपर्यंत अंगावरचं मांस उतरू देऊ नका. चांगलं खाऊ घाला, थोडं चालवा. माणूस झडला तर ऑपरेशन सोसत नाही."

मी त्याचा एकच अर्थ काढला. वजन. आणि खाण्याचं म्हणाल तर लिव्हर म्हणजे कावीळ आणि कावीळ म्हणजे पथ्य, हे आमच्या गावाचं शास्त्र. तेल, डाळ, अंडं बंद. भाताची पेज प्यायची आणि पलंगावर पडून राहायचं. मी वहिनींना म्हटलं, "करा पथ्य. वजनावर माही नजर हाय."

गुरुवार आला की मी सकाळीच बंडी जुंपायला सांगे. त्यांना बंडीतून आणायचं, दोघांनी धरून काट्यावर उभं करायचं. दांडी थरथरत खालीवर होई. मग ती ठरे. बासष्ट. पुढच्या गुरुवारी पुन्हा बासष्ट. एकदा तर त्रेसष्ट! मी जवळजवळ पळतच वहिनींकडे गेलो.

त्या म्हणाल्या, "पन भाऊजी, मांड्या पाहा ना त्याईच्या. तेल लावताना हाताले हाडच लागून राह्यलं. थोडी डाळ देऊ का? नाईतर एखांदं अंडं?"

"वहिनी, अंदाज नको," मी त्यांच्या नवऱ्याचंच वाक्य त्यांच्यावर फेकलं. "वजन वाढलं हाय. पथ्य मोडू नका."

तारखेला आम्ही हैदराबादला गेलो. डॉक्टरांनी पोट ठोकून पाहिलं, मग मांडीची सैल कातडी चिमटीत धरली. पोटात पाणी साचलं होतं. काट्यावरचं वजन त्या पाण्याचं होतं, आणि त्याच्या आड दंडांचं, मांड्यांचं मांस निघून गेलं होतं. ऑपरेशन रद्द झालं. "गाठ होती तेवढीच आहे," डॉक्टर म्हणाले. "माणूसच उरला नाही."

वजन वाढवायला पाणी मारलेल्या कापसाच्या बंड्या रोज परत लावणारे आम्ही दोघं!

परतीच्या बसमध्ये निर्मल गाव मागे पडलं तेव्हा मला रडू आवरेना. दिगांबररावांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मुनीमजी, ओला माल मले हात घालताच कळते. पोट तर माहंच व्हतं."

"मंग बोलले काऊन नाई?"

"गुरुवारी आकडा ऐकला का मंगच सुभद्रा पोटभर जेवत जाय. बाकीचे दिवस नुसती ताटापुढं बसे." ते खिडकीबाहेर पाहू लागले. "मले ठाव व्हतं म्हनून तिले सांगू नका."

तीन महिन्यांत ते गेले.

वहिनी लेकीकडे निर्मलला राहायला गेल्या. मी चार-पाच वेळा तिकडे गेलो, दर वेळी बसमध्ये एकच वाक्य घोकत की वहिनी, तुम्ही डाळ देत होता, मीच अडवलं, डॉक्टरांनी तर खाऊ घाला म्हणून सांगितलं होतं. दर वेळी चहा पिऊन परतलो.

शेवटच्या भेटीत वहिनीच बोलल्या. "भाऊजी, माह्या हातानंच उपाशी ठेवलं म्या त्याईले. पेजेवर ठेवलं. तुमी तर बिचारे येवढं वजन पाहत व्हते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. घोकलेलं वाक्य ओठांवर आलं होतं. मी विचारलं, "भैंशाची बस किती वाजता हाय?"

"साडेचारले," त्या म्हणाल्या.

मी पिशवी उचलली.