विमानाला दिलेले चार हात

वाचकहो, गादीकाम आणि रंगसंगती या दोन विषयांत मला कुणी शिकवायला येऊ नये! बावीस वर्षं झाली मला या धंद्यात. एका दंतवैद्याच्या खुर्चीला मी अशी गादी बसवलीय की दाढ काढून झाली तरी पेशंट उठत नाहीत! तेव्हा माझ्या बायकोच्या थोरल्या भावाने घरच्या गॅरेजात विमान बांधलं, त्याची सजावट मीच करणार, हे उघड होतं.

हो, विमानच! खरंखुरं, दोन माणसांचं, फायबरचं. दादांनी (मीही त्यांना बायकोसारखं दादाच म्हणतो) नऊ वर्षं सुट्टीचा एकेक दिवस त्यात घातला होता. पंख घासून घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या होत्या. आता आतली बैठक आणि बाहेरचा रंग तेवढा राहिला होता.

"दादा, हे असं पांढरं फटक उडवणार? लोक म्हणतील, फ्रिजला पंख फुटले!"

"भाऊजी, पांढरंच राहू दे. बाहेर एक हात रंग, आत हलकं कापड. बस्स. वजन वाढता कामा नये."

"वजनाची काळजी सोडा हो माझ्यावर!"

दादांनी सोडली. कामासाठी त्यांना दोन आठवडे परगावी जायचं होतं. परतायच्या दुसऱ्या दिवशी विमानाची तपासणी होती. गॅरेजची किल्ली माझ्या हातात देताना ते दोनदा थबकले, तेव्हाच मी समजायला हवं होतं.

पहिल्या दिवशी मी खरंच हलकं कापड आणलं. पण ते सीटवर टाकलं आणि मला भडभडून आलं. नऊ वर्षांच्या मेहनतीवर हे पोतेरं? मग पाच इंची फोम आला. फोमवर अस्सल चामडं आलं. चामड्याला शोभेल म्हणून भिंतींना गुबगुबीत अस्तर आलं. सीटच्या मागे सामानासाठी एक कोपरा होता. तो चक्क रिकामा! रिकामा कोपरा मला बघवत नाही. तिथे मी सागवानी कपाट ठोकलं आणि खाली गालिचा अंथरला. कपाट ओकंबोकं दिसत होतं, म्हणून त्याला आरसा लावला.

बाहेरून रंग दिला गडद जांभळा. वांग्याची साल असते ना, तस्सा! त्यावर सोनेरी पट्टा.

"अहो, दादानं पांढरं सांगितलं होतं ना? आणि एकच हात!" बायको म्हणाली.

"अगं, तुझ्या दादाला रंगातलं काय कळतं!" आणि मी चौथा हात मारला.

तपासणीच्या दिवशी सकाळीच मी शेजाऱ्यांना हाताशी धरून विमान अंगणात काढलं. उन्हात नुसतं झळकत होतं! आदल्या दिवशी यायचे ते दादा अकराला उगवले, हातात बॅग तशीच. त्यांच्या मागोमाग तपासनीस बाई. दादांनी विमान बघितलं. बॅग हातातून गळून पडली. मला वाटलं, आनंदाने!

बाईंनी पंखावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"हा रंग कुणी निवडला?"

"मी!" मी छाती पुढे काढून म्हणालो.

"फायबरची विमानं पांढरी का ठेवतात, माहितीय? गडद रंग ऊन पितो. तापलं की आतली, फायबरचे धागे धरून ठेवणारी राळ मऊ पडते. आणि पंख मऊ पडला, की..."

दादा पायरीवर मटकन बसले.

मग बाई पंखावर पाय देऊन आत चढल्या आणि सीटवर टेकल्या. टेकल्या मात्र, मागून धाडकन आवाज आला! विमानाची शेपटी जमिनीवर आणि नाक आभाळात! कपाटाचं दार उघडलं, आरसा खळ्ळकन फुटला, आणि तपासनीस बाई घसरगुंडीवर उताण्या पडल्यासारख्या ढगांकडे बघत राहिल्या. शेजारच्या आजींनी "उडालं गं बाई, उडालं!" म्हणून टाळ्या वाजवल्या.

मी, दादा आणि बायको, तिघंही धावत जाऊन नाकाला धरून लोंबकळलो. पण बाई कसल्या खमक्या! त्या तशाच आडव्या अवस्थेत आतली तपासणी करत होत्या.

"कंट्रोलचा दांडा पूर्ण मागे येत नाहीये. गादी आडवी येतेय."

"मग काय होतं?" मी विचारलं.

"नाक वर होत नाही."

"आत्ता तर झालंय की!" माझ्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "उतरताना जमीन जवळ आली की हा दांडा मागे ओढायचा असतो. तो गादीला अडला, तर विमान नाकावर आदळतं. आत कोण बसणार होतं?"

"मी," दादा म्हणाले.

"आणि शेजारी मी," बायको म्हणाली.

दोघं माझ्यासमोर उभी होती, धडधाकट, आणि मला मात्र तो दांडा आणि ती पाच इंची गादी सोडून काही दिसेना. माझी गादी! जिच्यावर मी दोन रात्री कौतुकाने हात फिरवला होता!

दादा ओरडतील म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हातात फक्त पॉलिश पेपरची गड्डी ठेवली.

पाच आठवडे! पाच आठवडे मी जांभळा रंग खरवडत होतो. केस जांभळे, भुवया जांभळ्या, शिंकलो तर तीही जांभळी! बायकोने आतलं एकेक सामान काट्यावर ठेवलं. बेरीज झाली अठ्ठावन्न किलो. म्हणजे एक अख्खं माणूस मी त्यात आधीच बसवून ठेवलं होतं! दादा या काळात माझ्याशी एकच वाक्य बोलले, "भाऊजी, कोपऱ्यातही घासा."

शेवटी एक हात पांढरा रंग, आत इंचभर गादी आणि हलकं कापड. दांडा मागे येतो का, हे मी दिवसातून चाळीसदा ओढून बघत होतो. बाईंनी पुन्हा सगळं तपासलं, वजन केलं आणि सही केली.

दादा उडाले त्या दिवशी मी मैदानाच्या कडेला डोळे गच्च मिटून उभा होतो. "अहो, उतरला!" असं बायकोने दंड हलवून सांगितलं, तेव्हा उघडले. दादा धावत आले आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदाच माझ्या पाठीवर थाप पडली. मला रडूच फुटलं.

तेवढ्यात एक रुबाबदार गृहस्थ पुढे आले. म्हणाले, "वा! काय देखणं विमान! इतकं साधं ठेवायला पारखी नजर लागते. आतबाहेरची सजावट कुणाची?"

"माझी!" मी डोळे पुसत, ताठ होत म्हणालो.

"माझंही विमान तयार होतंय. तुम्ही यात नेमकं काय काय केलंत, सांगाल?"

मी घसा खाकरला. पण बायकोच आधी बोलली.

"पाच आठवडे राबून त्यांनी ते होतं तसं करून दिलं!"

मी ताबडतोब खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. बराच वेळ बांधत होतो. बूट बिननाडीचे होते.