उमाटेजींनी न ऐकलेला रेडिओ

आमच्या घरी रेडिओ आला त्या दिवशी अख्ख्या गल्लीनं तो समोरून पाहिला. उमाटेजींनी तेवढा मागून पाहिला. गाणं चालू होतं, बायका दारात आणि मुलं खिडकीत खिळून उभी होती. उमाटेजी आले, वहाणा काढल्या, सरळ टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "पहिले पाठ दाखवा याची."

मला वाटलं, यांना वायर बघायची असेल. मी रेडिओ वळवला. त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला, मागच्या पुठ्ठ्यावरची अक्षरं बोटानं चाचपली आणि बोट असं झटकन मागे घेतलं की मी घाबरून बटणच बंद केलं.

"हा तं जर्मनीचा हाय."

"असेना. आवाज तर ऐका त्याचा."

"आता आवाज काय आयकाचा?" एवढं बोलून ते चहा टाकून निघून गेले. चहा बशीत ओतून झाला होता. बशीत ओतलेला चहा सोडून जाणारा माणूस मी वर्ध्यात दुसरा पाहिला नाही, आणि त्या बशीची आठवण झाली की माझं डोकं आजही तापतं.

मी तेव्हा वर्धा स्टेशनच्या मालधक्क्यावर बाबू होतो. शामरावजी उमाटे आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. सदरा खादीचा, टोपी खादीची, चष्म्याची दोरीसुद्धा घरी कातलेली. घड्याळ विलायती म्हणून घरात घड्याळ नाही. वेळ कळायची ती गाड्यांच्या शिट्ट्यांवरून. इंजिनही विलायतीच आहे, हे मी एकदा त्यांच्या कानावर घातलं. "इंजन असू द्या. शिट्टी आपला मानूस वाजवते," ते म्हणाले. असल्या माणसाशी वाद घालायचा म्हणजे आपणच दमायचं, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं.

आणि हा माणूस पोटासाठी करायचा काय, तर पारख. कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात ते कापूस पारखायचे. देवळीकडच्या गाड्या आल्या की गाडीवाला आधी आपल्या गावाचं नाव सांगायचा, म्हणजे मालाला वजन येईल. उमाटेजी त्याला हात करून गप्प करत. "गाव नको सांगू. बोटाले विचारू दे." मग डोळे मिटून कापसाचा पुंजका चिमटीत धरायचे, धागा ओढायचे आणि भाव बोलायचे. त्यांचा शब्द कोणी मोडत नसे.

आता तुम्हीच सांगा. कापसाचं गाव विचारायचं नाही आणि रेडिओचा देश विचारल्याशिवाय कान उघडायचा नाही, याला काय म्हणायचं? मी हे त्यांना तोंडावर विचारलं.

"कापूस बोलत नाई, मालबाबू," ते म्हणाले. "हे घरात बसून बोलते."

तरी एक गोष्ट मला कळत नव्हती. रेडिओ त्यांना हवा होता. स्वतःसाठी नव्हे, अनुसयाकाकूंसाठी. काकूंना गाण्याचं वेड. पोरी सासरी गेल्यापासून घर सुनं झालं होतं, आणि काकूंसाठी रेडिओ आणायचा हे उमाटेजींनी चारचौघांत कबूल केलं होतं. अट एकच, की तो सगळाच्या सगळा आपल्या देशात झालेला पाहिजे. या अटीपायी त्यांनी बाजारातल्या रेडिओवाल्याचा जीव नकोसा केला. पेटारा इथला असला तरी ते पाठ उघडायला लावत. आत काचेचे व्हॉल्व्ह असत, छोट्या दिव्यांसारखे पेटणारे, आणि त्यांच्यावर हटकून कुठल्यातरी परक्या मुलुखाचं नाव निघे. "आंगडं आपलं न जीव हॉलंडचा," असं म्हणून उमाटेजी दुकानाची पायरी उतरत. इंग्रजी रेडिओ ऐटीत बोलतो, अमेरिकन उगाच ओरडतो, जपानी बोलेल त्याचा भरवसा नाही, हे सगळं त्यांनी एकही न ऐकता ठरवून टाकलेलं.

शेवटी दुकानदारानं वैतागून एका रेडिओच्या पाठीवर आणि व्हॉल्व्हवरही कागद चिकटवले. त्यावर ठळक 'भारत'. मी त्या दिवशी दुकानात होतो. उमाटेजींनी पाठ पाहिली, मान हलवली आणि आयुष्यात पहिल्यांदा रेडिओसमोर बसले. डोळे मिटले, चिमूट धरली, जणू धागाच ओढून बघताहेत. "कसा मोकळा आवाज हाय," ते पुटपुटले. "कुठं गाठ नाई." त्यांचा चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता. मग डोळे उघडून त्यांनी कौतुकानं पाठीवरून हात फिरवला, नखाला कागदाची कड लागली, आणि त्याखालून इंग्लंड निघालं.

पुढे जे झालं ते मी लिहीत नाही. भर बाजारात ते इतके बोलले की पलीकडच्या दुकानातली गिऱ्हाइकं इकडे आली. मी त्यांचा हात धरून म्हणालो, "पण आवाज आवडला ना तुम्हाला?" त्यांनी माझा हात झिडकारला आणि महिनाभर माझ्याशी अबोला धरला. कागद मी चिकटवले होते का?

यात मधल्यामध्ये भरडल्या जात होत्या काकू. दुपारी उमाटेजी जिनात गेले की त्या आमच्याकडे यायच्या. कधी चाळणी मागायला, कधी विरजण. चाळणी हातात मिळाली तरी उठायच्या नाहीत. रेडिओपासून लांब, उंबऱ्याला टेकून बसायच्या, म्हणजे कोणी पाहिलं तर नुकत्याच आल्यासारखं वाटावं. एका सभ्य बाईला गाणं ऐकायला चाळणीचं निमित्त शोधावं लागावं, याचा मला भयंकर संताप यायचा.

एक दिवस सुट्टी होती म्हणून मी घरी होतो. आपल्याकडच्या रेडिओ केंद्रांवर तेव्हा बाजाची पेटी वाजवू देत नसत, विलायती वाद्य म्हणून. उमाटेजी ही गोष्ट मोठ्या समाधानानं सगळ्यांना ऐकवायचे. पण आमच्याकडे सिलोन लागलं होतं, आणि गाणं सुरू झालं ते पेटीवरच. काकूंच्या मांडीवर सूप होतं. त्यांची बोटं सुपाच्या काठावर चालायला लागली. नुसती टिचकी नव्हे, जिथे जे बोट पडायला हवं तिथे ते पडत होतं.

"काकू, तुम्हाला पेटी येते?" आमच्या हिनं विचारलं.

"येत होती." काकूंनी बोटं पदरात घेतली. "माह्या बाबानं लग्नात देल्ली होती. सूर जर्मनचे होते तिचे. मंग चौकात विलायती कपड्याची होळी झाली, तवा यायनं ती खांद्यावर नेली."

"आणि तुम्ही नेऊ दिली?" मी विचारलं.

"मीच काढून देल्ली, बाबू. काऊन अडवू? मलेही तवा तसंच वाटे. पन आगीत भाता तापला न तिच्यातून एक सूर निघाला. लांबलचक. सगळे हासले. हे नाई हासले. घरी येऊन जेवले नाई. तवापासून मी गायली नाई न यायनं गा म्हनलं नाई. आता विलायती डबा घरात आनला तं माही पेटी काऊन जाळली, असं होते न त्यायले."

मला राग तर आलाच. वीसेक वर्षांपूर्वी केलेलं बरोबर ठरावं म्हणून हा माणूस अजून बायकोला गाण्यावाचून ठेवतो, आणि ही बाई त्याचीच बाजू घेते. उमाटेजींना गाठून चांगलं सुनवायचं, असं मी मनाशी पक्कं केलं.

संधी लवकरच आली. पुढच्या रविवारी जिन बंद होतं आणि उमाटेजी घरी होते, तरी काकू विरजणाची वाटी घेऊन आल्याच. बाहेर वारा सुटला होता. आमच्या एरियलचा बांबू अंगणात ढिला झालेला, तार पत्र्याला घासायची आणि गाणं खरखरून तुटायचं. त्या दिवशीही तसंच चाललं होतं. पुन्हा पेटीचंच गाणं लागलं, खरखरलं, तुटलं, आणि तुटलेली ओळ काकूंनी खालच्या आवाजात पुरी केली. त्यांच्या ते ध्यानातही आलं नसावं. आमची ही हातातलं काम टाकून बघत राहिली. मग गाणं परत आलं, काकू गातच राहिल्या, आणि त्यानंतर ते एकदाही तुटलं नाही.

वारा तर तसाच होता. म्हणून मी उठून मागच्या दारानं अंगणात गेलो.

उमाटेजी बांबू धरून उभे होते. दोन्ही हातांनी, छातीशी कवटाळून, तार पत्र्याला लागू नये म्हणून सगळं अंग एका बाजूला झुकवून. टोपी वाऱ्यानं उडून तुळशीपाशी पडली होती, ती उचलायला त्यांना हात मोकळा नव्हता. डोळे मिटलेले. बायकोला हाक मारायला आले असणार आणि दारातूनच मागे फिरले असणार.

आठवडाभर जुळवून ठेवलेले शब्द मी बाजूला ठेवले. तरी सवय सुटत नाही. मी म्हणालो, "उमाटेजी, तो रेडिओ जर्मनीचा आहे, ठाऊक आहे ना?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"बांबू आपल्याकडचा हाय," ते म्हणाले. "तुमी चूप राहा जरा. ते गाऊन राह्यली."

मी टोपी उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि गाणं संपेपर्यंत बांबूला दुसरीकडून हात लावून उभा राहिलो.