फुटाण्याच्या गुडघ्याचा फोटो

अमरावतीत वामनरावांइतका हुशार माणूस शोधून सापडायचा नाही, असं निदान वामनरावांचं तरी मत होतं. त्यामुळे त्यांचा फुटाणा, म्हणजे पाच किलोंचा पॉमेरेनियन कुत्रा, चालता चालता मागचा पाय उचलून तीन पायांवर उड्या मारायला लागला, तेव्हा घरात लीलाबाईंचं काही चाललं नाही.

"एरंडेल तेलानं चोळा, होते बरं," त्या म्हणाल्या.

"अवं, डॉक्टरनं सांगतलं, गुडघ्याची वाटी सरकते. हाडं वाकडे असले तं ऑपरेशन. अकोल्याले नेऊन एक्स-रे काढाच लागते. माणूस खोटं बोलन, लीला. फोटो खोटं बोलत नाही."

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत त्यांनी ते सोबत आलेल्या लीलाबाईंना चारदा ऐकवलं. ऑपरेशनच्या धास्तीनं मात्र जीव अर्धा झाला होता. वाटभर ते फुटाण्याचा गुडघा कुरवाळत बसले होते.

अकोल्याच्या जनावरांच्या दवाखान्यात दोन बैल आणि एक म्हैस आधीच नंबर लावून उभे होते. डॉक्टर रागिणी मॅडमनी फुटाण्याला गुंगीचं इंजेक्शन दिलं, कुशीवर निजवलं नि पहिला फोटो काढला. वाटी अगदी जागेवर!

"ती सरकते नि आपोआप परत येते," मॅडम म्हणाल्या. मग गुडघा दुमडून वरून फोटो काढला. वाटी जिच्यात बसते ती खाच उथळ निघाली. तिसरा फोटो उताणा, कंबरेपासून खाली, हाडं सरळ आहेत का ते पाहायला. पण एक्स-रेची पाटी होती गोऱ्ह्याच्या मापाची, नि कुत्रं एवढंसं. गुडघ्यांसोबत पोटही त्यात आलं.

"हाडं सरळ आहेत. ऑपरेशन नको," मॅडम म्हणाल्या. वामनरावांना त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. "गोळ्या लिहून देते. वजन कमी करा, उड्या बंद करा. पण पोटात हे पांढरं दिसतंय ना? याला मटणाची हाडं कोण खाऊ घालतं?"

"आमच्या घरी?" लीलाबाई हसल्या. "यायनं बीपीपायी माह्या डोक्यावर हात ठेवून मटण सोडलं, दोन वर्सं झाले." मग त्यांचं हसू हळूहळू थांबलं. "अजी, फुटाण्याले संध्याकाळी फिरवाले कोण नेते?"

"रस्त्यावरचं उचललं असन," वामनराव म्हणाले.

"फोटो खोटं बोलत नाही म्हणे."



दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साखळी लीलाबाईंनी घेतली. वामनराव गोळ्या आणायचं निमित्त करून मागोमाग निघाले. फुटाण्यानं इकडे पाहिलं नाही, तिकडे पाहिलं नाही. दोन गल्ल्या ओलांडून तो वामनरावांचे दोस्त हुसेनभाई यांच्या उघड्या दारातून आत शिरला, नि ओळखीच्या दिवाणावर चढायला उडी मारू लागला. गुडघा कुठे सरकत होता, तेही कळलं.

हुसेनभाईंच्या पत्नी, सईदाभाभी, आतून आल्या. "अरे, लीलावहिनी! भाईसाब नाही आले? त्यायचं ताट वाढून राहिली होती मी."

"रोज वाढता?"

"रोज. डॉक्टरनं आमच्या यायले मटण बंद केलं. मी तं कबकी हंडी बंद केली असती. पण हे म्हणते, वामनभाऊ येते, मेहमानले का डाळ वाढू?"

आजवर वामनरावांची समजूत होती की हुसेनचं मन मोडवत नाही म्हणून आपण खातो. दारातून त्यांनी आत बसलेल्या हुसेनभाईंकडे पाहिलं. हुसेनभाई छताकडे पाहत होते.

दोघी चहा प्यायला आत गेल्या. फार वेळ प्यायल्या.

आता वामनराव रोज संध्याकाळी खुशाल हुसेनभाईंकडे जातात. मैत्रीला बंदी नाही. दोन ताटं तयार असतात, नि त्यात दुधीची भाजी असते. गुरुवारी बदल म्हणून दोडका.

फुटाण्याचा पाय महिन्याभरात सुधारला. मॅडमच्या औषधाचा गुण, असं लीलाबाई सांगतात. वामनरावांना खरं कारण ठाऊक आहे. तो आता दिवाणावर उडीच मारत नाही. खालून एकदा ताटाचा वास घेतो, एकदा वामनरावांकडे पाहतो, नि पाठ फिरवून निजतो.